पाहावयास शिकविणारे शास्त्र

महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात अलीकडे एका नव्या गोष्टीने प्रवेश केला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून राज्यातील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रप्रकल्प आला असून त्यास स्वतंत्र श्रेयांक आहेत. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, समाज प्रत्यक्ष पाहावा आणि पाहिलेले लिहून काढावे, हा त्यामागील हेतू. त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हेतू आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये आपल्याकडे बहुधा एक झेरॉक्सचे दुकान उभे असते. गतवर्षीच्या मुलाचा अहवाल मिळवावयाचा, गावाचे नाव बदलावयाचे, टक्केवारीचे आकडे थोडे इकडेतिकडे करावयाचे आणि सुबक वेष्टनात घालून ते बाड सादर करावयाचे, ही रीत आपल्या शिक्षणव्यवस्थेस अपरिचित नाही. क्षेत्रप्रकल्पाचेही असेच होणार असेल तर तो नसलेला बरा. म्हणूनच प्रत्यक्ष पाहणे हाच ज्या विद्येचा पाया आहे, त्या मानवशास्त्राकडून आपण या बाबतीत काय घ्यावे, याचा विचार आवश्यक ठरतो.

हा पाया त्या शास्त्रातही आरंभापासून नव्हता. एकोणिसाव्या शतकातील अनेक पंडितांनी प्रवासी, मिशनरी आणि अंमलदार यांनी लिहून पाठविलेल्या हकिगतींवर विसंबून, घरच्या खुर्चीत बसून जगभरच्या चालीरीतींवर ग्रंथ रचले. पुढे मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियंड बेटांवर दीर्घकाळ राहिला, तेथील भाषा शिकला आणि १९२२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून त्याने हे चित्र पालटले. लोक आपल्या रीतीविषयी काय सांगतात, त्याचबरोबर ते रोज प्रत्यक्षात काय करतात, याचीही नोंद झाली पाहिजे, हा दंडक तेव्हापासून दृढ झाला.

महाराष्ट्राला मात्र हा धडा केवळ परदेशातून घ्यावा लागेल असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे हे मुलकी खात्यातील नोकर. सरकारी कामानिमित्त गावोगाव फिरताना जे दिसले ते त्यांनी टिपून ठेवले आणि १९१५ साली त्यातून ‘गावगाडा’ सिद्ध झाला. बलुतेदाराचा हक्क कोणता, त्याचे काम कोणते, याचा इतका बारकाईने घेतलेला शोध त्याआधी मराठीत क्वचितच झाला असेल. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. परंतु पुण्याच्या परिसरातील टेकड्या आणि वाटा पायी तुडवीत त्यांनी अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे वेचली, तिठ्यांवरच्या शेंदूर फासलेल्या देवींची स्थाने पाहिली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात या दोहोंचा संबंध तपासला.

इरावती कर्वे यांनी आळंदीच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालून जे लिहिले, त्याचे इंग्रजी रूप १९६२ साली एका विख्यात अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या लेखातील भक्तीचे वर्णन सुंदर आहेच. पण एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्यांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले, त्याने त्या अस्वस्थ झाल्या आणि ते त्यांनी लिहिलेही. आठवडी बाजार आणि कोयना धरणाने उठविलेली माणसे हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

या शास्त्रासाठी अरण्यातच जावे लागते, हा समज यावरून सोडून द्यावा लागेल. आपल्या भाषेतील एक साधी गोष्ट घ्या. लग्न होऊन आलेली मुलगी जुन्या रीतीप्रमाणे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. हे शब्द आपण आजन्म ऐकतो. ते तसे का, असे आपण विचारीत नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मुलाने मामाची मुलगी करणे मान्य आहे, हे लक्षात घेतले की कोडे उलगडू लागते. मामाची मुलगी सून होऊन आली, तर तिची सासू ही तिची खरोखरच आत्या असते. आणि आत्याच्या यजमानांना मामा म्हणण्याचा प्रघात कित्येक घरांत आजही आहे. ज्या घरांत असा विवाह कधी झाला नाही, तेथेही हे शब्द नांदतात. विवाहसंबंधांची एक व्यवस्था अशी दोन संबोधनांत जपलेली असते, आणि ती वाचण्यास आजीजवळ बसण्यापलीकडे कसलाही खर्च येत नाही.

कचेरीतील दुपारची सुट्टी हाही असाच एक पाठ. डबे कोठे उघडले जातात, कोणाच्या डब्यातील भाजी कोणाच्या डब्यात जाते, कोणाची जात नाही, शिपाई कोठे बसतो, आणि नवीन आलेला माणूस कितव्या दिवशी गोलात सामावला जातो, हे महिनाभर निमूटपणे पाहून रोज रात्री लिहून काढावे. ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ हे उत्तर प्रश्नावलीत सहज मिळते. डब्यांची मांडणी कधी ते खरे ठरविते, कधी खोटे. मात्र पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या पानांवर लिहिले पाहिजे, अनुमान तिसऱ्या पानावर. आणि नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण स्मृती ही फार लवकर वकिली करू लागते.

तथापि पाहणारा कोठे बसून पाहतो, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडील रामपुरा या गावी राहिले. १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांच्या टिपणांची वर्षानुवर्षे केलेली मांडणी जळाली, तेव्हा मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्यांनी ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ लिहिले व ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. आपण ब्राह्मण म्हणून आणि पाटलाच्या आश्रयाने तेथे राहिलो, त्यामुळे गाव आपल्याला बहुतांशी वरच्या बाजूने दिसले, ही कबुली त्यांच्या लेखनात आहे. आपल्या आत्र्यांनीही फिरस्त्या जमातींकडे पाहिले ते गावाच्या चावडीत बसून. त्यामुळे गावावर पडणारा त्यांचा भार त्यांना दिसला, त्या जमातींचे दुःख तितके दिसले नाही.

अशा एकांगी पाहण्याच्या हाती सत्ता आली की काय घडते, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारला जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार मिळाला. दफ्तरातील नोंद माणसाच्या कपाळावर गोंदली गेली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ प्रसिद्ध झाले, तेव्हा आजवर ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांनीच लेखणी हाती घेतली. पांढरपेशा वाचकास त्या पुस्तकांनी धक्का दिला, याचा अर्थ इतकाच की इतकी वर्षे शेजारी असूनही आपण पाहिले नव्हते.

म्हणून क्षेत्रप्रकल्पासाठी मुलांची बस एका सकाळी एखाद्या वस्तीवर उतरवावयाची, मोबाईलवर छायाचित्रे घ्यावयाची आणि दुपारी परतावयाचे, हे थांबले पाहिजे. गरिबाचे घर हे प्रदर्शन नव्हे. विद्यार्थ्याने एकच जागा निवडावी: भाजीमंडई, एसटीचा थांबा, आपलीच चाळ, आपलेच स्वयंपाकघर. तेथे एक सत्र वारंवार जावे, अनुमती घेऊन बोलावे आणि लिहिलेले त्या माणसांना वाचून दाखवावे. ‘असे नाही हो’ म्हणून त्यांनी केलेली दुरुस्ती हाच त्या अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल. गुण द्यावयाचे ते रोजनिशीला, आणि तिच्यातील प्रामाणिक चुकांनाही.

एका शिक्षकाकडे शेकडा विद्यार्थी सोपवून हे साधणार नाही, हे उघड आहे. विद्यापीठांस श्रेयांक द्यावयाचे असतील, तर शिक्षकांस त्यासाठी वेळ आणि माणसेही द्यावी लागतील. परंतु शिक्षकांनीही एक गोष्ट शासननिर्णयाची वाट न पाहता करावी. विद्यार्थ्यांस बाहेर धाडण्यापूर्वी स्वतःची रोजनिशी सुरू करावी आणि आरंभ शिक्षककक्षातील खुर्च्यांपासून करावा. तेथे कोण कोठे बसतो आणि कोण उभा राहतो, हे ज्याला दिसू लागले, तोच दुसऱ्यास पाहावयास शिकवू शकेल.