संताप पन्नाशीत शिरतो तेव्हा

पंक म्हटलं की विशीतली पोरं, दोन-दोन मिनिटांची गाणी आणि समोर येईल त्याच्यावर राग, एवढंच डोळ्यांपुढे येतं. हा राग सहसा वयाबरोबर विरतो. काहींचा संसारात जिरतो, तर काहींचा जुनी गाजलेली गाणी पुन्हा वाजवण्यापुरता उरतो. म्हणूनच कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या प्रोपागांधी या बँडचा ‘ॲट पीस’ हा अल्बम मला फार मोलाचा वाटतो. तो मे २०२५मध्ये आला, आधीच्या ‘व्हिक्टरी लॅप’नंतर जवळपास आठ वर्षांनी. गाणारा क्रिस हॅना आता पन्नाशीच्या पुढे आहे. त्याचा राग विझलेला नाही, पण बदलला आहे, आणि तो कसा बदलला हे ऐकण्यासारखं आहे.

प्रोपगंडा आणि गांधी यांची सांगड घालून नाव ठेवणारी ही पोरं १९८६ साली मॅनिटोबा प्रांतातल्या पोर्टेज ला प्रेरी या लहानशा गावात एकत्र आली. हॅना गिटारवर, जॉर्ड समोलेस्की ड्रम्सवर. दोघंही मेटल संगीतावर वाढलेले. १९९३च्या पहिल्या अल्बमने त्यांना श्रोते मिळवून दिले. ते बहुतेक स्केटबोर्डवाले, मैफिलीत उड्या मारायला येणारे. पण गाण्यांच्या मधल्या वेळात ही मंडळी देशभक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या मुजोरीवर, समलिंगींच्या द्वेषावर, मांसाहारावर बोलायची, आणि खालून ओरडा व्हायचा की बडबड बंद करा, वाजवा. १९९६च्या दुसऱ्या अल्बमला त्यांनी त्या ओरड्याचंच नाव दिलं, ‘लेस टॉक, मोअर रॉक’, आणि मुखपृष्ठावर छापलं की आम्ही प्राण्यांच्या बाजूचे, फॅसिझमविरोधी, समलिंगींच्या बाजूचे आणि स्त्रीवादी आहोत. ज्यांच्या खिशातून तिकिटाचे पैसे येतात त्यांनाच असं तोंडावर सांगायला हिंमत लागते.

पण मला या बँडबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. १९९७मध्ये त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी उभी केली. जगातल्या सात श्रीमंत देशांच्या गटाची टर उडवत तिचं नाव ठेवलं ‘जी-सेव्हन वेलकमिंग कमिटी’. तिथे मालक नव्हता आणि साहेबही नव्हता. कामाचा मोबदला सगळ्यांना एकाच दराने मिळायचा. निर्णय घेण्याचं काम एकाकडे आणि पार्सलं बांधण्याचं दुसऱ्याकडे, असं होऊ नये म्हणून चांगली-वाईट कामं सर्वांत वाटलेली असायची. याच कंपनीने नोम चॉम्स्की आणि हॉवर्ड झिन या अमेरिकी विचारवंतांची भाषणं ध्वनिमुद्रित स्वरूपात काढली. प्रोपागांधी सोडून गेलेला बासवादक जॉन के. सॅमसन याच्या ‘द वीकरदॅन्स’ या अतिशय हळुवार बँडचे पहिले अल्बमही तिनेच काढले. विनिपेगमध्येच ‘माँड्रागॉन’ नावाचं पुस्तकांचं दुकान आणि उपाहारगृह याच नियमांवर २०१४पर्यंत चाललं. भांडवलशाहीवर गाणं लिहिणं सोपं असतं. महिनाअखेरीला पगाराचा हिशेब त्याच तत्त्वाने करणं जड जातं, आणि या लोकांनी ते काही वर्षं करून दाखवलं. त्यांच्या गाण्यातल्या शिवीला वजन येतं ते इथून.

आता ‘ॲट पीस’. नाव शांततेचं असलं तरी निवांतपणाच्या अपेक्षेने कुणी त्याकडे जाऊ नये. तेरा गाणी आहेत. जुना सुसाट वेग बराच कमी झालाय, त्याची जागा जड, दळदार मेटलने घेतली आहे. २०१५मध्ये जाहीर आवाहन करून निवडलेली गिटारवादक सुलिन हेगो इथे पूर्ण मुरलेली ऐकू येते. हॅनाची आणि तिची गिटार एकमेकींत गुंतत जाते ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. बासवादक टॉड कोवाल्स्कीचा घसा खरवडणारा आवाज मधेच येऊन सगळं ढवळून टाकतो. मधल्या काही गाण्यांत वेग एकसारखा होतो आणि कान थकतो, हेही सांगायला हवं. पण ‘नो लाँगर यंग’सारखं शीर्षक पंकच्या अल्बमवर उघडपणे छापणं मला आवडलं. तरुण असल्याचं सोंग या लोकांनी घेतलेलं नाही.

एका गाण्याचं नाव ‘फायर सीझन’ आहे. २०२३मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरहून जास्त जमीन वणव्यांत जळाली. हा अल्बम २ मे २०२५ला आला आणि २८ मेला त्यांच्याच मॅनिटोबात वणव्यांमुळे प्रांतभर आणीबाणी जाहीर झाली. सुमारे सतरा हजार माणसांना घरं सोडावी लागली. ज्यांना आपण तीस वर्षं ‘अतिरेकी बोलतात’ म्हणून बाजूला ठेवलं, त्यांच्या दाराशी ही वेळ आली. मला या अल्बममध्ये ‘आम्ही सांगत होतो’ असा तोरा कुठेच ऐकू आला नाही. ऐकू येतो तो, हे सगळं माहीत असून रोज उठून कसं जगायचं, हा प्रश्न. जिंकू, असं आश्वासन कुणी देत नाही, आणि म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

हा बँड कधीच ऐकला नसेल, तर आधी २००९चा ‘सपोर्टिंग कास्ट’ ऐका, मग इकडे या. आणि गाण्यांचे शब्द समोर ठेवा. एवढ्या कल्लोळात ते पहिल्या खेपेला हाती लागत नाहीत, आणि या मंडळींचं निम्मं काम तर शब्दांतच आहे.