बंड्या निघाला डब्यूकला

अमेरिकेत ग्रेहाउंड नावाची बस आहे. तिच्या अंगावर धावत्या कुत्र्याचं चित्र रंगवलेलं असतं आणि आत कुत्र्याला मज्जाव. अंध किंवा अपंग माणसाच्या सोबतीचा प्रशिक्षित कुत्रा तेवढा चालतो. ॲमट्रॅकच्या रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण पिशवीसकट त्याचं वजन २० पौंडांच्या, म्हणजे साधारण नऊ किलोंच्या आत हवं आणि प्रवास सात तासांहून मोठा नको. विमानात आसनाखाली मावेल एवढंच जनावर आपल्याजवळ ठेवता येतं. मोठं असेल तर सामानाच्या कप्प्यात, तेही कंपनी तयार असेल तर. आमचा बंड्या सत्तर पौंडांचा. या बाबतीत आपली भारतीय रेल्वे फारच उदार म्हणायची. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घेतला तर लॅब्राडॉरसुद्धा साहेबासारखा पाय पसरून आपल्याबरोबर येतो, नाहीतर गार्डच्या डब्यात त्याच्यासाठी पेटी असतेच. (त्या पेटीत मी वैऱ्याचाही कुत्रा ठेवणार नाही, ते सोडा.)

तात्पर्य, क्लीव्हलँडजवळच्या आमच्या घरापासून आयोवा राज्यातल्या डब्यूकपर्यंतचे सव्वापाचशे मैल गाडीनंच कापायचे होते. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डॉकडॉग्ज या संस्थेची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नोव्हेंबरात डब्यूकला होत असे, आणि आमच्या बंड्याला तिचं बोलावणं आलं होतं.

बंड्या मुळात लेकीचा. प्राणी-आश्रयगृहातून तिनं उचलून आणला, 'मी सगळं करीन' असं सांगितलं आणि ती कॉलेजला निघून गेली. हे घरोघरी होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तो आहे काळा, लॅब्राडॉरच्या वळणाचा, बाकी मिश्रण काय ते देव जाणे. पाणी दिसलं की त्याला थोपवून धरता येत नसे. म्हणून शेजारणीनं आम्हाला डॉक डायव्हिंगच्या क्लबात नेलं.

डॉक डायव्हिंग म्हणजे कुत्र्यांची पाण्यातली लांब उडी. ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद असा धक्का, पाण्यापासून २ फूट उंच. पुढे निदान ४ फूट खोल पाण्याचा हौद. कुत्रा धावत येतो, मालक खेळणं हवेत फेकतो, कुत्रा त्यामागे झेपावतो. अंतर मोजतात ते धक्क्याच्या काठापासून कुत्र्याच्या शेपटीचं मूळ जिथं पाण्याला टेकलं तिथपर्यंत. व्हिडिओ थांबवून हे ठरवतात, त्यामुळे वाद फारसे होत नाहीत. कुत्र्याला ढकलायचं नाही. तो काठावर येऊन थांबला आणि 'नको' म्हणाला, तर नको. कुत्र्यांच्या खाद्याच्या प्युरिना कंपनीनं १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धांत हा प्रकार होता, २००० मध्ये लेक प्लॅसिडच्या ईएसपीएनच्या खेळांत तो टीव्हीवर दिसला आणि मग फोफावला. आता त्यात उंच उडीही आहे. काठापासून ८ फुटांवर खेळणं टांगतात आणि दर फेरीला २ इंचांनी वर चढवतात. पोहत जाऊन खेळणं पकडण्याची शर्यतही असते.

सांगलीला आईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कुत्र्याला पोहायला घेऊन चाललीयस."

"उडी मारायला गं."

"तेच ते. आपल्याकडं म्हशींबरोबर कुत्री पण कृष्णेत उतरतात की. त्यांना कोण टेप लावतंय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही नेमकं सुचत नाही. पण त्या प्रवासात एवढं कळलं की टेप लावतात तो भाग सगळ्यात छोटा. धाव आणि उडी मिळून चार-पाच सेकंदांचा खेळ. बाकी सगळं असतं ते कुत्र्याला त्या सेकंदापर्यंत धडधाकट, पोट ठीक आणि डोकं ठिकाणावर ठेवून आणणं, आणि नंतर तसंच परत नेणं.

गाडीत सगळ्यात मोठी जागा बंड्याच्या क्रेटला, म्हणजे पिंजऱ्याला. नवऱ्याच्या बॅगेला उरलेली. खाणं घरचंच, रोजच्या मापानं पुड्या बांधून. प्रवासात खाणं बदललं की पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाचा सत्तर पौंडी कुत्रा बंद गाडीत म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. पाणीसुद्धा घरचं, कॅनमध्ये भरून. लसींचे कागद हातापाशी. ओहायो टर्नपाइकवरच्या थांब्यांवर उतरायचं, त्याला गवतावर फिरवायचं, आपण उभ्याउभ्या थालीपीठ खायचं. बंड्याला त्यातला कोपरा मिळतो. तेवढी सवलत आहे.

इंडियाना संपता संपता घड्याळ एक तास मागे जातं. माणसं फोनकडे बघून पुढे चालू लागतात. कुत्र्याचं तसं नाही. शिकागोच्या रहदारीत आम्ही अडकलेलो असताना त्याच्या पोटात संध्याकाळचे सहा वाजले आणि त्यानं क्रेटच्या जाळीवर नाक टेकवून माझ्या मानेवर श्वास सोडायला सुरुवात केली. भुंकणं नाही, काही नाही, नुसता गरम, दुःखी श्वास. रॉकफर्ड येईपर्यंत.

रात्रीच्या मोटेलवाल्यानं प्राण्यासाठी जास्तीचे पैसे घेतले आणि खोली दिली ती बर्फाच्या मशीनशेजारची. थोड्या थोड्या वेळानं बर्फ धडधडत कोसळायचा, बंड्या भुंकायचा आणि नवरा 'श्शू' म्हणायचा. तिघांत सगळ्यात मोठा आवाज नवऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी गलीनाच्या टेकड्या ओलांडून मिसिसिपी लागली. नदी पाहून मीच गप्प झाले, मग बंड्याची काय कथा. पुलावरून जाताना तो क्रेटमध्ये उभा राहून थरथरत होता. त्याच्या मते आम्ही योग्य ठिकाणी पोचलो होतो. स्पर्धा मात्र नदीत नव्हती, काठावरच्या सभागृहात होती. एरवी जिथं लग्नं आणि अधिवेशनं होतात तिथं हौद मांडलेला. दार उघडताच क्लोरीनचा आणि ओल्या केसाळ अंगांचा वास, आणि शेकडो गळ्यांतलं भुंकणं. पाण्यात 'धप्प' झालं की सगळं सभागृह एका सुरात ओरडायचं. त्यात माणसंही असायची.

इथं कसब लागतं ते वाट बघण्याचं. आपली पाळी येईपर्यंत कुत्र्यानं दर उडीला पेटून उठलं तर त्याची सगळी ताकद जागेवरच संपते. म्हणून जाणते लोक क्रेटवर चादर टाकतात, मागच्या बाजूला खुर्ची मांडून विणकाम करत बसतात आणि पाळीच्या थोडं आधी कुत्र्याला बाहेर काढून पाय मोकळे करायला लावतात. आमच्या शेजारी मिनेसोटाहून आलेली एक स्कूल बस चालवणारी बाई होती. तिच्याकडे दोन व्हिपेट, अंगात लोकरीचे कोट घालून एकमेकांवर मान टाकून झोपलेले. बरगड्या मोजाव्यात अशी काडीपैलवान कुत्री. पाहून कोणी म्हणणार नाही, पण लांब उडीत सध्या राज्य त्यांचंच. २०१९ मध्ये साउंडर्स नावाच्या व्हिपेटनं ३६ फूट २ इंच, म्हणजे ११.०२ मीटर उडी मारली आणि गिनीज बुकात नाव लावलं. माणसाचा लांब उडीचा विक्रम माइक पॉवेलचा, टोकिओत १९९१ साली केलेला, ८.९५ मीटर. अर्थात माणसाला दोन फूट उंच धक्का कोणी देत नाही आणि पाण्यात पडायची सोयही नसते, हे पॉवेलच्या बाजूनं बोललं पाहिजे.

लॅब्राडॉरची गोष्ट वेगळी. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कामाची ही जात. दाट दुहेरी केस, जाड शेपूट, थंड पाण्याची भीती नाही. त्याला पाण्यात शिरायचं असतं, हवेत राहायचं नसतं. त्यामुळे तो सूर मारल्यासारखा नाक खाली घालतो आणि शेपटीचं मूळ मागे राहतं. तिथं फूटभर अंतर जातं. उपाय फेकणाऱ्याच्या हातात असतो. खेळणं त्याच्या नाकाच्या किंचित पुढे आणि वर राहिलं पाहिजे, असं की आता मिळेल, आता मिळेल. फार लांब फेकलं तर तो नाद सोडून पोहायच्या विचारानं उतरतो, खाली फेकलं तर सूर मारतो. नीट फेकलं तर डोकं वर उचलतो, मागचे पाय पोटाशी घेतो आणि बसल्यासारखा पाण्यावर येतो. हे एवढंसं फेकणं जमायला आमच्या मागच्या अंगणातल्या मेपलनं अख्खा उन्हाळा माझा मार खाल्ला.

पाळी आली. बंड्याला धक्क्याच्या मागच्या टोकाला बसवलं. "थांब." (त्याला मराठीच समजतं, हे तिथल्या पंचांना मोठं कौतुकाचं वाटलं.) मी खेळणं घेऊन काठाकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं तर बसलेला होता खरा, पण बूड जमिनीपासून दोन बोटं वर. मांड्या थरथरत होत्या, नजर माझ्या हातातल्या नारिंगी खेळण्यावर. "ये!" म्हटल्याबरोबर नखांचा तडतड आवाज माझ्या दिशेनं आला, मी हात वर टाकला आणि काळं धूड माझ्या कोपराजवळून निघून गेलं. एवढंच. फेरीत दोन उड्या, त्यातली चांगली धरतात. बंड्याची सोळा फुटांच्या थोडी पुढे गेली. नवरा बाकावर उभा राहिला होता. पुण्याच्या या माणसाला मी आजवर क्रिकेटसाठीसुद्धा बाकावर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

या खेळातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे गट. दहा फुटांच्या आतले नॉव्हिस, दहा ते पंधरा ज्युनिअर, पंधरा ते वीस सीनिअर, मग त्यावरचे. प्रत्येक गटाची आपली चुरस, आपलं अजिंक्यपद. नऊ फूट उडणाऱ्या कुत्र्यालाही जागतिक स्पर्धेत जिंकायला जागा आहे, आणि तो जिंकला तर टाळ्या तेवढ्याच वाजतात. दहावीच्या गुणवत्ता यादीत नाव आलं नाही म्हणून शेजारपाजारच्यांचे सुस्कारे ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीनं हे जरूर पाहून यावं. बंड्या सीनिअर गटात अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही. त्याच्या गटात एकोणीस फुटांची मंडळी होती. आम्ही मिनेसोटाच्या बाईच्या कुत्र्यांसाठी ओरडत बसलो.

पण उडी संपली की खेळ संपत नाही. कुत्रा तोंड उघडं ठेवून पाण्यातून खेळणं आणतो, तेव्हा बरंच पाणी गिळतो. उत्साहाच्या भरात फार झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं. ओकाऱ्या, झोकांड्या, शून्यात लागलेले डोळे अशी लक्षणं दिसतात आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून मध्ये विश्रांती द्यायची, गोल चेंडूऐवजी तोंड फार उघडावं लागणार नाही असं चपटं खेळणं द्यायचं. गार पाण्यात फार पोहल्यावर काही कुत्र्यांची शेपटी मुळापासून लुळी पडते. मोडली की काय असं वाटतं, पण बहुधा काही दिवसांच्या आरामानं ती पुन्हा हलू लागते. तरी एकदा डॉक्टरला दाखवलेलं बरं. कान आतून कोरडे करायचे. हे काम मी मोटेलच्या टॉवेलनं नाही, घरून नेलेल्या जुन्या पंच्यानं केलं. पंच्यासारखं पाणी टिपणारं कापड अमेरिकेत मिळत नाही.

क्लबात बंड्याला पहिले काही दिवस उडी मारूच दिली नव्हती, ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. त्याला लाइफ जॅकेट घातलं, उतारावरून हळूच पाण्यात नेलं, वळवलं आणि त्याच उतारावरून बाहेर आणलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. प्रशिक्षक सांगायचा की पाण्यात शिरणं कुत्र्याला आपोआप येतं, बाहेरची वाट मात्र दाखवावी लागते. घाबरलेला कुत्रा समोरच्या भिंतीवर पाय मारत राहतो आणि तिथंच दमतो. डब्यूकच्या हौदालाही तसाच उतार होता, आणि प्रत्येक कुत्रा उडीनंतर डोळे झाकून त्याच्याकडे वळत होता.

तिथं बसल्याबसल्या मला आठवलं ते तासगावच्या मामेभावाच्या द्राक्षबागेतलं शेततळं. चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वर शेवाळ, पाणी अर्ध्यावर. आत पडलेल्या कुत्र्याला तिथं नखं रोवायला जागा नाही आणि माणसाला हात धरायला आधार नाही. पोहता येणारी माणसंही अशा तळ्यांत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. रात्री मोटेलमधून त्याला फोन केला. स्पर्धेचं सांगायच्या आधी तळ्याचं सांगितलं. त्यानं गाठी मारलेले दोर चारी बाजूंनी सोडले, एका कोपऱ्यात ट्रकची जुनी टायरं दोराला ओवून उतारावर पाण्यापर्यंत टाकली आणि वरची टोकं खांबाला बांधली.

तुमच्या रानात शेततळं असेल तर यंदाच्या पावसाआधी एवढं करून घ्या. कुंपण असेल तरीही करा.