तुमची चादर कितव्या आठवड्यात आहे?

खरं सांगा, बेडवरची चादर शेवटची कधी बदललीत? 'अहो, मागच्याच आठवड्यात' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार असतं. जरा नीट आठवून बघा. तो 'मागचा आठवडा' बहुतेक वेळा गावाहून आई येऊन गेली तेव्हाचा निघतो! शर्ट आपण रोज बदलतो, डिओवर सढळ हाताने खर्च करतो, ऑफिसात शेजारचा शिंकला की सॅनिटायझर काढतो. आणि रात्रीचे सहा-सात तास ज्या कापडावर गाल टेकून घालवतो, ते मात्र डाग दिसेपर्यंत चालतं. गडद रंगाच्या चादरी आपल्याला आवडतात त्या काही उगीच नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत सांगितलं, की गाडीतली ब्लँकेट्स महिन्यातून किमान एकदा धुतली जातात. त्यावर किती नाकं मुरडली आपण! आता घरच्या ब्लँकेटचा हिशेब मांडा. रेल्वे निदान ब्लँकेटच्या आत घ्यायला एक जादा चादर तरी देते.

तर सरळ उत्तर: चादर आठवड्याला एकदा. उशीचा अभ्रा त्याहून लवकर, दर तीन-चार दिवसांनी. केसांना तेल लावून झोपत असाल, किंवा गालावर सारख्या पुटकुळ्या येत असतील, तर नक्कीच. अंगावर घ्यायची पातळ चादर थेट अंगाला लागते, म्हणून तीही आठवड्याला. जाड दुलईला खोळ असेल तर खोळ धुतली की काम भागतं. 'मी एसीत झोपतो, मला घामच येत नाही' ही सबब चालणार नाही. त्वचेचा भुगा एसीतही गळतोच.

या भुग्यावरच धुळीतले माइट्स जगतात. ढेकूण वेगळे, हे वेगळे. हे चावत नाहीत आणि साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. लांबी जेमतेम पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणजे मुंबईची दमट हवा त्यांना एकदम पसंत! त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. सकाळी उठल्या उठल्या पाच-सात शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चुरचुरताहेत आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत सगळं ठीक, असं महिनोन् महिने चाललंय? मग ट्रॅफिकच्या धुराला दोष देत रोज अ‍ॅलर्जीची गोळी घेण्याआधी उशीकडे एकदा बघा. (धाप लागत असेल तर मात्र उशी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.)

माइट्स मारायला ६० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. तुमच्या मशीनला हीटर असेल तर सुती चादरींसाठी ते बटण वापरा. नसेल तरी हिरमुसू नका. साध्या पाण्यात माइट्स सगळे मरत नाहीत, पण विष्ठेतला त्रासदायक भाग बराचसा निघून जातो. डबलबेडची चादर मात्र इतर कपड्यांबरोबर कोंबू नका. ती सगळे मोजे-रुमाल पोटात घेऊन गोळा होते आणि काहीच धड धुतलं जात नाही.

गादीचं काय? कापसाची गादी मे महिन्यात गच्चीवर टाकायची हे आजी करायची ते अगदी बरोबर होतं. आपल्या फोमच्या गाद्यांना कडक ऊन सोसत नाही; त्या फक्त उभ्या करून वारा द्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाची गादी मिळाली असेल, तर तिच्यावर आधी किती भाडेकरू झोपून गेले ते विचारत बसू नका. चेनवाली खोळ आणा आणि विषय मिटवा.

आता एक खूशखबर. लंडनच्या किंग्स्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये असं मांडलं, की सकाळी अंथरूण लगेच आवरून टाकण्यापेक्षा उघडं ठेवलेलं बरं. ओलावा उडतो आणि माइट्स सुकतात. आईला हे जरूर ऐकवा! फक्त जुलैतल्या मुंबईत हवाच ओली, तिथे पसरलेलं अंथरूण सुकणार कसं? निदान आंघोळ होईपर्यंत पंखा तरी चालू ठेवा.

खरी अडचण आळसाची नसते, चादरींच्या संख्येची असते. दोनच चादरी असल्या की एक बेडवर, दुसरी दोरीवर, आणि पावसाळ्यात दुसरी दोन दिवस वाळतच नाही. म्हणून पहिलीच पुढे रेटली जाते. तीन जोड ठेवा. पुढच्या सेलमध्ये आणखी एका टी-शर्टऐवजी चादर घ्या. आणि ऑगस्टमध्ये अर्धवट वाळलेली चादर घडी करून कपाटात ढकलू नका, आठवड्याभरात कुबट वास येतो. सरळ इस्त्रीवाल्याकडे द्या. डबल चादरीचे तो दोन कपड्यांचे पैसे लावतो. लावू दे.