जमिनीवर लक्ष ठेवा

मुलांनो, हिंजवडीतील उंच इमारती पाहताना त्यांच्या खालच्या जमिनीचा विचार तुमच्या मनात येतो का? चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. तेथे खाली कोळशाची जुनी खाण होती. हादरे जाणवताच घरातील माणसे बाहेर पडली, म्हणून वाचली.

कोळसा काढल्यावर जमिनीखाली पोकळी उरते. तिचा आधार ढासळला की वरची जमीन खचते. खाण बंद झाली म्हणजे जबाबदारी संपली, असे मला वाटत नाही. तेथील जमिनीची पातळी वेळोवेळी मोजलीच पाहिजे. तुम्हीही डोळे उघडे ठेवा. भिंतीला नवी भेग दिसली, तर मोठ्यांना लगेच सांगा. घर पुन्हा बांधता येते. गेलेला जीव परत येत नाही.