खापर कोणाच्या माथी?

मुले मोबाइलवर किती तास घालवतात, या विषयावर आम्ही बालरोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षे पुष्कळ बोललो आहोत. डोळे, झोप, वजन, अभ्यास, सारे सांगून झाले. एक प्रश्न मात्र आमच्या विचारण्यातून निसटला आहे, असे मला वाटते: मूल खेळात हरले, की ते काय बोलते आणि कोणाला बोलते? बंद दाराआडून, हेडफोन लावलेल्या चिरंजीवांचा चढलेला आवाज आपल्यापैकी अनेकांच्या घरी ऐकू येत असेल. घरात नीट मराठी बोलणारा मुलगा तेथे खास इंदुरी हिंदीत कोणा अनोळखी साथीदाराचा उद्धार करीत असतो. आई-वडिलांची तक्रार शिव्यांबद्दल असते. माझी तक्रार त्या शिव्यांमागच्या हिशेबाबद्दल आहे.

वैद्यकमित्रहो, ज्यांचा या विषयाशी संबंध जुन्या मोबाइलमधल्या सापाच्या खेळापाशीच संपला, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ रायट गेम्स या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये आणला. पाच विरुद्ध पाच, डाव साधारण अर्ध्या तासाचा, आणि साथीदार बहुधा अनोळखी. त्यांची मोट संगणकच बांधतो. चौघे नकाशावरच्या तीन वाटा सांभाळतात आणि पाचवा मधल्या जंगलात फिरून गरज पडेल तिथे धावतो. याच कंपनीचा २०२० चा ‘व्हॅलोरंट’ही पाच-पाचांचा, आणि आपल्याकडे २०२१ मध्ये आलेल्या ‘बीजीएमआय’मध्ये बहुधा चौघांची तुकडी असते. आपल्या मुलांत हे शेवटचे दोन अधिक चालतात. दोषारोपांची तऱ्हा मात्र सगळीकडे एकच.

या भांडणाचे मूळ मुलांच्या स्वभावाइतकेच खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा दर्जा लिहिलेला असतो आणि जिंकण्या-हरण्याबरोबर तो चढतो-उतरतो. ही कल्पना मुळात बुद्धिबळातली. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी बसवलेली गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. बुद्धिबळात पटाच्या या बाजूला आपण एकटेच असल्यामुळे खापर फोडायला दुसरे डोके नसते. सांघिक खेळांनी ही कल्पना उचलली आणि एकाचा दर्जा चार परक्यांच्या हाती गेला. आपली एमडीची परीक्षा आठवा, आणि आपला निकाल शेजारच्या चार अनोळखी परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांवर ठरणार असता तर आपण किती सभ्य राहिलो असतो, याचा प्रामाणिक अंदाज करा.

मग प्रत्येकाला त्याच्या कामगिरीप्रमाणे गुण का देत नाहीत? दिले, की खेळ बिघडतो. शत्रू टिपण्याला गुण ठेवले, तर सारे शत्रूच टिपत सुटतील. टेहळणीच्या खुणा रोवणे, जखमी साथीदाराला उठवणे ही कामे कोणी करणार नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी तयार केलेल्या ‘ट्रूस्किल’ पद्धतीत मुळात संघाचा निकाल तेवढाच धरला होता. आपल्याला हे नवे नाही. न्यूयॉर्क राज्याने बायपास शस्त्रक्रियेतील मृत्युदर शल्यविशारदांच्या नावानिशी प्रसिद्ध करायला १९९० च्या दशकात सुरुवात केली, तेव्हापासून डॉक्टर जोखमीचे रुग्ण टाळू लागतात का, हा वाद चालूच आहे.

आता थोडे गणित. ही यंत्रणा तुल्यबळ संघ समोरासमोर आणण्याचा प्रयत्न करते, म्हणून दर्जा स्थिरावलेला खेळाडू साधारण निम्मे डाव हरतोच. हरणे हा तेथे अपघात नाही. यंत्रणा नीट चालल्याची ती खूण आहे. मुलाला मात्र प्रत्येक पराभवाला एक गुन्हेगार लागतो. दुसरे असे, की समोर पाच परके असतात आणि माझ्या बाजूला चारच. मी माझ्या पातळीवर खरोखर सरस असेन, तर कच्चा गडी वाट्याला येण्याची शक्यता शंभर डावांत समोरच्यांनाच जास्त. तेव्हा ‘मला नेहमी वाईट साथीदार मिळतात’ या तक्रारीला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ एवढेच उत्तर आहे.

अनुभवी खेळाडूंना हे गणित ठाऊक असते, आणि त्यातून ते नवख्यांना एक कडक उपदेश करतात: दोष नेहमी स्वतःलाच द्यावा. हा उपदेश ऐकायला संतवचनासारखा वाटला तरी तो मला अर्धाच पटतो.

पटणारा अर्धा भाग असा, की आपली नजर मुळात पक्षपाती असते. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पती-पत्नींना घरकामातला आपापला वाटा विचारला. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुधा शंभराच्या वर जाई. भांडणे उकरून काढण्यासारख्या अप्रिय गोष्टींतही थोड्या प्रमाणात तेच दिसले, त्यामुळे ही नुसती बढाई म्हणता येत नाही. स्वतःचे केलेले आठवते, दुसऱ्याचे दिसलेलेच नसते. खेळात हा दोष आणखी वाढतो. पडद्यावर मला माझा कोपरा दिसतो, आणि साथीदाराच्या मरणाची तेवढी दवंडी पिटली जाते. तो मरण्याआधी दोन मिनिटे एकटा किल्ला लढवत होता, हे कोणी जाहीर करत नाही. ‘लीग’मधल्या त्या जंगलात फिरणाऱ्या पाचव्याचे हाल तर विचारू नयेत. तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, म्हणून जिथे जिथे काही बिघडते तिथे तो नव्हता, एवढे सिद्ध करणे सदैव सोपे. (रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरची आठवण झाली ना?)

न पटणारा भाग असा, की दोष ही वाटून घेण्याची भाकरी नव्हे; तिचे तुकडे शंभरात बसत नाहीत. ‘बीजीएमआय’मधला नेहमीचा प्रसंग घ्या. एकजण न सांगता शत्रूच्या घरात घुसतो. दुसरा त्याला आडून गोळीबाराची साथ देत नाही. तिसरा अजून सामान गोळा करतो आहे, आणि चौथ्याने खिडकीतला शत्रू पाहिला आहे पण त्याचा माइक बंद आहे. तुकडी गारद होते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट वेगळी घडती, तर कदाचित डाव वाचला असता. मग कोणाचे किती टक्के? जेम्स रीझन यांची भोके पडलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा आपण वैद्यकीय चुकांच्या चर्चेत इतकी वर्षे वापरतो. चारही भोके एका रेषेत आली, की प्रत्येक भोक पुरते कारण असते. त्यांतले कोणते मोठे, हे मोजत बसण्याने पुढची चकती बुजत नाही.

‘दोष स्वतःचाच’ हे वचन भांडखोर मुलाच्या कानावरून वाहून जाते आणि नको त्या मुलाला लागते. तेरा वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी आणला होता. तपासण्या निर्दोष. आई समाधानाने म्हणाली, “डॉक्टर, एक बरं झालं, त्याचा तो खेळ सुटला एकदाचा.” मी त्याला एकट्याला विचारले, का रे सोडलास? खाली पाहत म्हणाला, “माझ्यामुळे सगळे हरतात.” महिनाभर त्याच्याच वर्गातली तीन मुले त्याला रोज तसे ऐकवत होती, शाळेतही. खेळ सुटल्याचा आनंद मला त्या दिवशी होऊ शकला नाही. ओरडणाऱ्या मुलाचा आवाज घरभर ऐकू येतो. गप्प राहून सारे खापर डोक्यावर घेणारे मूल पोटदुखी घेऊन आपल्याकडे येते.

कंपन्यांनी काही केले नाही, असे नाही. रायटने २०११ मध्ये खेळाडूंचेच न्यायमंडळ स्थापले. तक्रार आलेल्या संभाषणांवर इतर खेळाडू मत देत. ते २०१४ मध्ये बंद झाले. याच काळात तेथे काम करणारे मेंदूविज्ञानाचे पदवीधर जेफ्री लिन यांच्या गटाला आढळले, की सतत विषारी वागणारे खेळाडू जेमतेम १ टक्का आणि एकूण दुर्वर्तनातला त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. बाकी सारी घाण तुमच्या-आमच्या घरच्यांसारख्या, एरवी सरळ वागणाऱ्या आणि त्या दिवशी बिनसलेल्या खेळाडूंची. शिक्षेबरोबर तुझे नेमके कोणते वाक्य खटकले हे दाखवले, की तीच चूक पुन्हा होण्याचे प्रमाण घटते, हाही त्यांचा अनुभव. आपला मुलगा ‘त्यातला’ नाही, हे समाधान म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

मी मुलांना सांगतो ते साधे आहे. डाव चालू असताना दोष काढायचा नाही, पुढे काय करायचे तेवढे बोलायचे. संपल्यावर प्रत्येकाने आधी आपली एक गोष्ट सांगायची, मग दुसऱ्याकडे एक मागणी करायची. “तू आलाच नाहीस” यात निकाल आहे. “निघण्याआधी सांग” यात पुढचा डाव आहे. नवजात बाळ रडत नसते तेव्हाच्या पहिल्या साठ सेकंदांत बॅग कोणी तपासली नव्हती, हे आपण विचारत नाही. ते नंतर, शांतपणे, पण नक्की विचारतो. नंतरही विचारायचेच नाही, असा उदारपणा मला मान्य नाही. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासताना आढळले, की चांगल्या चमूंत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तेथे परिचारिकांना बोलायची भीती नव्हती.

आता आपल्याकडे येतो, कारण ही मुले हे सारे फक्त पडद्यावरून शिकली नाहीत. “आधी कोणाला दाखवलं होतं? इतके दिवस काय करत होते ते?” हे वाक्य नातेवाइकांसमोर उच्चारायला आपल्याला अर्धे मिनिट लागते. पुढच्या दवाखान्यात आलेल्या डॉक्टरला आजाराचा चौथा दिवस दिसतो. पहिल्या दिवशी काय दिसत होते, ते त्याच्या पडद्यावर नसते. त्या वाक्यातून निघालेल्या नोटिसा आणि फुटलेल्या काचा आपण पाहिल्या आहेत. रात्री जेवताना तेच वाक्य आपण घरी पुन्हा सांगतो, आणि समोर बसलेला चौदा वर्षांचा खेळाडू ते ऐकत असतो.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे म्हणून एक मागणी. वर्षातून निदान दोन मासिक सभा पाहुण्यांच्या व्याख्यानाऐवजी आपल्याच बिघडलेल्या रुग्णकथांना द्याव्यात. रुग्णाचे आणि रुग्णालयाचे नाव नको, ‘जबाबदार कोण’ हा रकाना नको, आणि प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्या खुर्च्या एकाच बाजूला मांडलेल्या असाव्यात.