आधी गाणं ऐका, मग गोष्ट

मागच्या अंकाच्या बैठकीत मी म्हटलं, या वेळी मी शॅरन जोन्सच्या अल्बमबद्दल लिहिते. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, पोटगीच्या निकालांवर लिहिणारी तू, हे आवडत्या गाण्यांचं काय काढलंस? रविवारच्या पुरवणीत शोभेल ते.’ दुसरी म्हणाली, ‘लिही की. पण तिच्या संघर्षावर भर दे. वाचणाऱ्या बायकांना बळ येईल.’ पहिलीचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्याचं वाईटही वाटलं नाही. अस्वस्थ झाले ते दुसरीच्या बोलण्याने. का, ते सांगायचं म्हणून हा लेख.

मी महानगरपालिकेच्या घरपट्टी विभागात काम करते. मुलगी शिकायला बंगळूरला गेली तेव्हा तिचा जुना मोबाइल माझ्याकडे आला. त्यात तिने भरलेली गाणी तशीच राहिली होती. सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, खांद्याला खांदा लावून उभं असताना मी ती ऐकू लागले. बाईचा आवाज होता, मोठा आणि खरखरीत. शब्द सुरुवातीला निम्मेच कळायचे. पण पाय आपोआप ठेका धरायचे. मुलीला फोन करून विचारलं, ही कोण? ती म्हणाली, ‘आई, हे फंक. शॅरन जोन्स आणि डॅप-किंग्ज.’

फंक हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. १९६०च्या दशकात जेम्स ब्राऊनने त्याला आकार दिला. आपल्याकडे जशी सम, तसा त्यात पहिल्या मात्रेवर सगळा जोर. ड्रम, बेस, गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, प्रत्येकाने थोडंसंच वाजवायचं, पण नेमकं आपल्या जागी वाजवायचं. एकजण चुकला की सगळं कोसळतं. भाकऱ्या थापायला दहा बायका ओळीने बसल्या की हातांचा जसा एक मेळ जमतो, तसं काहीसं.

शॅरनचा जन्म १९५६चा, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचा. लहानपणीच ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आली. चर्चमध्ये गायली, लग्नांमधून गाणाऱ्या बँडमध्ये गायली. रेकॉर्डिंगच्या दुनियेत मात्र तिला दार उघडेना. तू फार काळी, फार जाडी, फार बुटकी आणि आता फार वयस्कही आहेस, असं तिला तोंडावर सांगण्यात आलं. हे तिने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. पोटासाठी तिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली, पैशांची ने-आण करणाऱ्या चिलखती गाडीवर रखवालदारी केली.

१९९६ साली ली फील्ड्स या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी मागे साथ करायला तीन गायिका हव्या होत्या. आली एकटी शॅरन. तिघींचे सूर तिने एकटीनेच गाऊन दिले. तेव्हा ती चाळिशीची होती. इथून तिची खरी वाट सुरू झाली. पहिला अल्बम यायला आणखी सहा वर्षं गेली.

तर आता अल्बम. कुठून सुरुवात करायची, असं मला विचाराल तर मी सांगेन, पहिल्यापासूनच करा.

‘डॅप डिपिन विथ शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज’ २००२ साली आला. डॅपटोन नावाच्या छोट्या कंपनीची ही सुरुवात. गेब्रिएल रॉथ आणि नील शुगरमन या दोन वादकांनी ती काढली. संगणकाच्या जमान्यात ही मंडळी हट्टाने जुन्या पद्धतीने, टेपवर ध्वनिमुद्रण करत. अल्बमच्या सुरुवातीला गिटारवादक बिंकी ग्रिपटाइट, तमाशातल्या फडावर ओळख करून द्यावी तशी, शॅरनची ओळख करून देतो. मग ती येते आणि पुढे दम खाऊ देत नाही. जेनेट जॅक्सनचं १९८६चं ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’ तिने इथे असं गायलंय की वाटावं, हेच वीस वर्षं जुनं मूळ गाणं. अलीकडे माझ्यासाठी तू काय केलंस, असा नवऱ्याला हिशेब विचारणारं ते गाणं आहे. शेहेचाळिशीतल्या बाईच्या तोंडून आलं की त्या हिशेबाला वजन येतं.

‘नॅचरली’ २००५चा. माझ्या मते चळवळीतल्या बायकांनी हा आवर्जून ऐकावा, तो एका गाण्यासाठी. वुडी गथ्रीने १९४० साली लिहिलेलं ‘धिस लँड इज युअर लँड’ अमेरिकेतल्या शाळांमधून गोडगोड देशभक्तिपर म्हणून गायलं जातं. त्यातली दोन कडवी सहसा गाळतात. एकात ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी वाट अडवते, दुसऱ्यात मदत कार्यालयाच्या दारात गरीब माणसं उभी असतात. शॅरनने ती गाळली नाहीत. ही भूमी तुमची-माझी, असं एक काळी बाई गाते तेव्हा ते वर्णन राहत नाही, दावा होतो. हेच ध्वनिमुद्रण पुढे २००९च्या ‘अप इन द एअर’ या चित्रपटाच्या सुरुवातीला वाजलं. लोकांना कामावरून काढून टाकणं हाच ज्याचा धंदा, अशा माणसाचा तो चित्रपट.

‘१०० डेज, १०० नाइट्स’ २००७चा. सगळ्यांत गाजलेला हाच, आणि नवख्या कानांना सोपाही. माणूस ओळखायला शंभर दिवस आणि शंभर रात्री लागतात, असं शीर्षकगीत सांगतं. माझ्या ओळखीत काहींना पंचवीस वर्षं लागली, तो भाग वेगळा. ‘नोबडीज बेबी’ मी ऑफिसला जाताना ऐकते. मी कुणाची नाही, असं बाईने इतक्या मजेत म्हटलेलं आपल्या कानांवर फारसं पडत नाही.

इथे एक हिशेब नोंदवायला हवा. याआधीच्याच वर्षी, २००६ साली, ॲमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ आला होता. त्यातल्या सहा गाण्यांत वाजणारे वादक हे शॅरनचेच डॅप-किंग्ज. तो अल्बम जगभर लाखोंनी खपला, ॲमीला २००८ साली पाच ग्रॅमी मिळाले. इतकी वर्षं ज्या बाईच्या मागे हा आवाज घडला, ती मात्र बहुतेकांना ठाऊकच नव्हती. दोन बायकांना एकमेकींसमोर उभं करायची मला हौस नाही. ॲमी विलक्षण गायची, आणि सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. प्रश्न बाजाराचा आहे. तोच ठेका, तीच वाद्यं. गोऱ्या तरुण मुलीच्या मागे वाजली तर दुकानाच्या दर्शनी भागात, पन्नाशीच्या काळ्या बाईच्या मागे वाजली तर आतल्या फळीवर.

‘आय लर्न्ड द हार्ड वे’ २०१०चा. सुरावटी जास्त मऊ, आशय जास्त कडू. ‘मनी’ नावाचं गाणं थेट पैशालाच जाब विचारतं. ‘शी एन्ट अ चाइल्ड नो मोअर’ घरात छळ सोसून मोठ्या झालेल्या मुलीचं आहे. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी मुलींचे चेहरे ते ऐकताना डोळ्यांपुढे येतात. या सुमाराला शॅरनच्या मागे साथीला सॉन्ड्रा विल्यम्स आणि स्टार डंकन या दोघी दिसू लागल्या, तिच्या लग्नाच्या बँडमधल्या जुन्या मैत्रिणी. २०१५ साली त्यांचा स्वतःचा अल्बम निघाला, ‘लुक क्लोजर’. म्हणजे नीट निरखून पाहा. मागे उभ्या असलेल्या बायकांचं याहून नेमकं म्हणणं काय असणार?

‘सोल टाइम’ २०११चा, सुट्या गाण्यांचा संग्रह. त्यात युद्धासाठी जाणारा कर भरायचं आपण सगळ्यांनीच थांबवलं तर, असं विचारणारं एक गाणं आहे. करवसुली खात्यात बसून मी ते ऐकते, हे साहेबांना सांगू नका. याच संग्रहातलं एक गाणं ख्रिसमसचं. गरिबांच्या सरकारी वसाहतीत धुराडीच नाहीत, मग सांताक्लॉज येतो कुठून, असा प्रश्न लहान मुलीला पडतो. मोठी झाल्यावर तिला उमगतं, की तो सांता म्हणजे आईच होती. हे गाणं मला एकदाही कोरड्या डोळ्यांनी ऐकता आलेलं नाही.

‘गिव्ह द पीपल व्हॉट दे वाँट’ २०१३च्या ऑगस्टमध्ये यायचा होता. त्याच वर्षी शॅरनला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी यात अल्बम लांबला आणि जानेवारी २०१४मध्ये आला. त्यातल्या एका गाण्याच्या चित्रफितीत ती केस गेलेल्या डोक्याने, टोप न घालता गाते. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. २०१५ साली बार्बरा कोपल यांचा ‘मिस शॅरन जोन्स’ हा माहितीपट आला, त्याच सुमाराला आजार उलटल्याचंही तिने जाहीर केलं. तरी ती दौरे करतच राहिली. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ती गेली. ‘सोल ऑफ अ वुमन’ हा अल्बम २०१७ साली, तिच्या मागे आला. २०२०चा ‘जस्ट ड्रॉप्ड इन’ हा इतरांच्या गाण्यांचा संग्रह आहे. तो सगळ्यांत शेवटी ऐकला तरी चालेल.

आता माझ्या अस्वस्थपणाकडे येते. शॅरनवर जे लिहिलं जातं, त्यात आधी तुरुंगातली नोकरी, मग चाळिशीतली संधी, मग कॅन्सरशी झुंज असा क्रम ठरलेला असतो. गाणं शेवटच्या परिच्छेदात. आणि सूर कसला? बघा, जिद्द असली की वय आड येत नाही!

मला मुख्य लिपिकाची जागा बावन्नाव्या वर्षी मिळाली. सत्कार झाला, शाल मिळाली. साहेब भाषणात म्हणाले, ‘बाई म्हणजे चिकाटीचं उदाहरण.’ त्याआधीच्या नऊ वर्षांत माझ्यामागून लागलेले तिघे पुढे निघून गेले होते. त्या नऊ वर्षांच्या पगारातल्या फरकाबद्दल त्या दिवशी कुणी अक्षर काढलं नाही. काढणार कसं? चिकाटीचं कौतुक सुरू असताना थकबाकी मागणं वाईट दिसतं. मीही शाल घेऊन खाली बसले.

शॅरनच्या उशिरा उघडलेल्या दाराचं कौतुक करताना, ते वीस वर्षं बंद कुणी ठेवलं हा प्रश्न असाच शालीखाली जातो. विशीतल्या, तिशीतल्या शॅरनचे अल्बम आज कुठे आहेत? ते झालेच नाहीत. ती गाणी कुठल्याही जिद्दीने परत येणार नाहीत. ‘संघर्षावर भर दे’ या शब्दांनी मी बिचकले ती म्हणून. बाईच्या संघर्षाचं कौतुक करणं सोपं असतं. तिच्या कामाची दखल घ्यायची तर ते काम बसून ऐकावं लागतं.

बैठकीत आणखी एक आक्षेप आला, आणि तो खरा आहे. यातली बहुतेक गाणी बँडमधल्या पुरुषांनी लिहिली आहेत, मुख्यतः रॉथने. कंपनीचे मालकही पुरुष. मग हा बाईचा आवाज म्हणायचा का? शेवटच्या अल्बममध्ये तर मुलीला ‘त्याला माफ कर’ असं सांगणारं गाणं आहे. ते मला आजही खटकतं. मी ते गाळून पुढे जाते.

पण पठ्ठे बापूरावांच्या लावण्या पवळाबाईंच्या तोंडून लोकांनी ऐकल्या, तेव्हा फड कुणामुळे रंगला? लेखणी कुणाची, पैसा कुणाकडे गेला, हे विचारलंच पाहिजे. पण गाणं कागदावर संपत नाही. ‘रिट्रीट’ हे गाणं पुरुषाला ‘मागे हो’ असं बजावणाऱ्या बाईचं म्हणून लिहिलं गेलं. आजारानंतर शॅरन तेच शब्द कॅन्सरला उद्देशून गाऊ लागली. लिहिणाऱ्याने न दिलेला अर्थ गाणारीने त्यात भरला. आणि ‘सोल ऑफ अ वुमन’मधलं सर्वांत शेवटचं गाणं शॅरनचं स्वतःचं आहे. तिने ते १९७०च्या दशकात आपल्या चर्चच्या गायकवृंदासाठी रचलं होतं. म्हणजे ती लिहितही होती. चाळीस वर्षं ते जगाच्या कानी पडलं नव्हतं, इतकंच.

मैत्रिणींनो, तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात करू नका. आधी आजार, मग माहितीपट, मग गाणी असं नको. २००२च्या अल्बमपासून क्रमाने ऐका. आवाज काय करतो, कुठे थांबतो, कुठे बँडला ओढून नेतो, ते पाहा. गोष्ट नंतर कळली तरी बिघडत नाही.

आणि ऐकून झाल्यावर आपल्या गल्लीत बघा. भजनी मंडळात मागे बसून झांजा वाजवणारी, वाद्यवृंदात कोरसमध्ये उभी राहणारी, लग्नाआधी गात होती असं जिच्याबद्दल सांगतात ती. तिला ‘किती सोसलंत हो’ म्हणायच्या आधी ‘एक गाणं म्हणा’ असं म्हणून पाहा. मग कुणी दार बंद ठेवलं होतं, तेही विचारा. काय ऐकायला मिळालं ते मला जरूर कळवा.