साहस भांडवल आणि परमुलखातली माणसं

व्हेंचर कॅपिटल, म्हणजे साहस भांडवल, हे कर्ज नव्हे. त्याला तारण लागत नाही, हप्ता नसतो, जामीनदार नसतो. पैसे देणारा नव्या कंपनीत हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर त्याचे पैसे बुडतात, वाढली तर हिस्सा विकून तो बाहेर पडतो. हे पैसेही बहुधा त्याचे स्वतःचे नसतात. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत घराणी यांच्याकडून साधारण दहा वर्षांच्या बोलीवर ते गोळा केलेले असतात. सांभाळणाऱ्याला वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि नफ्यातला साधारण पाचवा वाटा मिळतो. म्हणजे या धंद्यात शिरायला घरची श्रीमंती लागतेच असे नाही. लोकांनी आपला पैसा हाती द्यावा इतकी पत मात्र आधी कमवावी लागते. परदेशातून आलेल्या माणसाचे घोडे इथेच अडते, कारण त्याला ओळखणारे कोणी नसते.

तरीही या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत परदेशातून आलेली माणसे ठळक दिसतात. जॉर्ज दोरियो १८९९ साली पॅरिसमध्ये जन्मला, १९२१ मध्ये अमेरिकेत गेला, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’चा प्रमुख झाला. १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हारलन अँडरसन हे दोन तरुण अभियंते त्याच्या कंपनीकडे पैसे मागायला आले. संचालकांसमोर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढू नका, असे त्यांना आधीच बजावले गेले, कारण त्या धंद्यात तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी हात पोळून घेतले होते. त्यांना ७० हजार डॉलर मिळाले आणि बदल्यात ७० टक्के हिस्सा द्यावा लागला. लोकरीच्या एका जुन्या गिरणीत भाड्याने जागा घेऊन त्यांनी ‘डिजिटल इक्विपमेंट’ सुरू केली. पुढे त्या हिश्श्याचे कोट्यवधी डॉलर झाले, आणि तारणाशिवाय दिलेला पैसा असा परत येऊ शकतो हे सगळ्यांना दिसले.

व्हिएन्नात जन्मलेला यूजीन क्लायनर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभारणाऱ्या आठ जणांपैकी एक. १९७२ मध्ये तो ‘क्लायनर पर्किन्स’ या फंडाचा संस्थापक झाला. १९८६ मध्ये तिथेच विनोद खोसला आले. जन्म पुण्याचा, १९५५ चा, घर पंजाबी. दिल्लीची आयआयटी, मग कार्नेगी मेलन, स्टॅनफर्ड आणि १९८२ मध्ये ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ची सहस्थापना. स्वतःचा फंड त्यांनी २००४ मध्ये काढला. आधी शिक्षण, मग स्वतःची कंपनी आणि शेवटी दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे, हाच क्रम पुष्कळ भारतीयांच्या बाबतीत दिसतो.

मराठी वाचकाला सुहास पाटील यांचे उदाहरण जवळचे वाटावे. १९४४ मध्ये जमशेदपूरला जन्म, खरगपूरची आयआयटी, एमआयटीतून १९७० मध्ये डॉक्टरेट, मग तिथे आणि युटा विद्यापीठात अध्यापन. १९८१ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत ‘पाटील सिस्टिम्स’ काढली. चिपचा आराखडा करायचा, ती मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यायची, ही पद्धत आज जगभर रुळली आहे. तेव्हा ती नवी होती. कंपनी कॅलिफोर्नियात गेली, ‘सिरस लॉजिक’ झाली आणि १९८९ मध्ये शेअर बाजारात आली. त्या काळी भारतीयाला अभियंता म्हणून मान होता, पण कंपनीचा प्रमुख म्हणून त्याच्या हाती पैसे द्यायला भांडवलवाले कचरत. पाटील यांनी पुढे नव्या कंपन्यांना पैसा आणि सल्ला दिलाच. त्याहून मोठे काम म्हणजे १९९२ मध्ये कंवल रेखी आदींसह उभी केलेली ‘टाय’ ही संस्था. आधी पोहोचलेल्याने मागून येणाऱ्याला धंद्यातली माणसे ओळखून द्यायची, वेळप्रसंगी पैसेही घालायचे, असा तिचा रिवाज.

महाड-पोलादपूरच्या चाकरमान्याला ही रीत नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांच्या, गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोल्या असत. गावाहून आलेल्या पोराची वळकटी तिथे पडे आणि आधी आलेला कोणी त्याला बदली म्हणून खात्यात लावून देई. त्याच आधारावर मुंबईत ग्रामस्थ मंडळे टिकली. त्यांचा पैसा देवळाला, शाळेला, रस्त्याला गेला, आणि ते योग्यच होते. पण गावच्या एखाद्या तरुणाच्या धंद्यात हिस्सेदार म्हणून तो क्वचितच उतरला. ही उणीव भरून निघायला हवी.

भारतातल्या अशा भांडवलाचा एक धागा महाड तालुक्याशी जुळतो. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ मध्ये, आयसीआयसीआय स्थापन झाली. तिने १९८८ मध्ये युनिट ट्रस्टबरोबर बेंगळुरूत ‘टीडीआयसीआय’ काढली. देशातल्या पहिल्या साहस भांडवल कंपन्यांत ती मोडते. ‘सेबी’चे या क्षेत्रासाठीचे नियम १९९६ मध्ये आले, ‘पर्यायी गुंतवणूक निधी’चे २०१२ मध्ये.

त्या २०१२ च्या नियमांनी अशा निधीत सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी रुपयांची अट घातली, त्यामुळे पगारदाराला तो रस्ता बंदच. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलाला फंडात थेट नोकरी मिळणे कठीण. एखाद्या नव्या कंपनीत पगाराबरोबर शेअर घेऊन काही वर्षे काढणे, ती वाढताना आणि अडखळताना जवळून पाहणे, हा त्याच्यासाठी जास्त खात्रीचा मार्ग. कोणाला गावच्याच उद्योगात हिस्सा घ्यायचा असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला २०० पर्यंत भागधारक चालतात. त्यासाठी जाहिरात करून पैसे गोळा करता येत नाहीत; ठरावीक माणसांना नावानिशी देकार द्यावा लागतो, आणि ग्रामस्थ मंडळाच्या यादीत अशी नावे आधीच असतात.